आई हल्ली कुठे झोपते?

६ ऑक्टोबर, रविवार

दादा,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. तेव्हापासून ते खिशात घालून फिरतो आहे. कामावर जाताना वाचतो, येताना वाचतो. वाचायला वेळ लागत नाही, कारण ओळ एकच आहे. "आई हल्ली कुठे झोपते? कळव."

पत्रास कारण नाही, तब्येतीची चौकशी नाही, खाली सहीसुद्धा नाही. अक्षरावरून ओळखलं. बाबांच्या मातीनंतर आपण दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही आणि एवढ्या वर्षांनी तू तोंड उघडलंस ते हे विचारायला. म्हणून मीच आधी विचारतो. हल्ली म्हणजे काय? माणूस 'आई कुठे झोपते' असं विचारू शकतो. त्यात 'हल्ली' घालतो, तेव्हा ती पूर्वी दुसरीकडे झोपत होती हे त्याच्या कानावर आलेलं असतं. कोणी घातलं तुझ्या कानावर?

या घराचा पत्ता मी तुला दिला नव्हता. तो आत्याच्या मुलाकडून मिळाला असेल, तर फोन नंबरही त्याच्याकडेच आहे. पण फोन केला की समोरचा उलट विचारतो. कार्डाला उलट विचारता येत नाही. शिवाय कार्ड पोस्टमन वाचतो, खालच्या मजल्यावरचे वाचतात. तुला तेच हवं असेल.

उत्तर देतो. आई बरी आहे. दोन वेळा जेवते. तिच्या खोलीत झोपते, आणखी कुठे झोपणार? खोलीला खिडकी आहे, वारा येतो. खाट गावचीच आहे. आमची ही तिचं सगळं वेळेवर करते. झालं समाधान?

तुझे प्रश्न मला ठाऊक आहेत. मातीला सगळे जमले होते, चुलते, आत्या, शेजारपाजारचे. त्या सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, "डॉक्टरला कधी बोलावलंस?" तुला माहीत होतं. आदल्या रात्री आईनं तुला सगळं सांगितलं होतं. मी आधी प्रार्थनेला बसलो आणि मग डॉक्टर आणला, हे तुला माझ्या तोंडून आणि चारचौघांत ऐकायचं होतं. मी "लगेच" म्हणालो. तू चपला घातल्यास आणि गेलास. तेव्हापासून कोणी मला काही विचारलं की मी आधी त्याच्या हाताकडे बघतो, मागे काय धरलंय म्हणून.

तू धर्मगुरू व्हायला गेलास आणि अर्ध्यावर सोडून आलास. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत बसलो आणि कोल्ड स्टोरेजला लागलो. तरी दर गुरुवारी संध्याकाळी आमचा अभ्यासवर्ग असतो, तिथे जाऊन मी ग्रंथ वाचतो. सध्या आम्ही देवानं माणसांना विचारलेले प्रश्न वाचतो आहोत. ज्याला सगळं माहीत आहे तो विचारतो कशाला, असा विषय आहे. आणि नेमकं याच आठवड्यात तुझं कार्ड यावं. योगायोग असेल, असं मी धरून चालतो.

कोणी सांगितलं, तेवढं कळव.

धाकटा

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दादा,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे हे कळतं. पण काल वर्गात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुला त्यातलं काही आधीच कळलं असेल, तर ते कुठून कळलं हेही आता मला थोडंफार कळायला लागलं आहे.

वर्ग म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरची खोली. घडीच्या खुर्च्या आणि पंखा, तो लावला की वाचलेलं ऐकू येत नाही आणि बंद केला की घाम येतो. निवृत्त झालेले एक मास्तर वाचून दाखवतात. कोर्टातले एक जुने कारकून असतात, त्यांना सगळे काका म्हणतात. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई असतात. मी असतो. बाकीचे येऊन-जाऊन.

काल पहिलीच गोष्ट होती, बागेतली. पहिला माणूस आणि पहिली बाई मना केलेलं फळ खातात आणि झाडांमागे लपतात. संध्याकाळच्या गार वेळी देव बागेत येतो आणि हाक मारतो, कुठे आहेस तू? मास्तरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "देवाला दिसत नव्हतं का?"

कारकूनकाका तयारच होते. "ही सरळसरळ उलटतपासणी आहे. उत्तर माहीत नसलेला प्रश्न चांगला वकील विचारतच नाही. आरोपीच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं."

"अहो, कोर्ट कसलं आणलंत बागेत!" नर्सबाई म्हणाल्या. "आमच्याकडे डोक्याला मार लागलेला माणूस आणला की आम्ही पहिलं तेच विचारतो. नाव काय? कुठे आहात तुम्ही? नाव समोर लिहिलेलं असतं. तरी विचारायचं. शुद्धीवर आहे का बघायला."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर धावपळ करायची. त्याच्यावर खटला नाही भरत आम्ही."

"म्हणजे देव तुमच्या वॉर्डात ड्यूटीला होता म्हणायचं."

"असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे माणसं कमीच आहेत."

सगळे हसले. मास्तर म्हणाले, "मी वर्गात विचारायचो, काच कोणी फोडली? मला दिसलेलं असायचं. पण पोराला आपणहून सांगायची एक संधी द्यायची."

"आणि छडी कुठे असायची?" काकांनी विचारलं.

"टेबलावर."

"मग कसली डोंबलाची संधी!"

मास्तरांनी पुढे वाचलं. माणूस झाडामागून म्हणतो, मी उघडा होतो, भ्यालो आणि लपलो. देव म्हणतो, तू उघडा आहेस हे तुला कोणी सांगितलं? नर्सबाईंना एकदम हसू आलं. "बघा ना, यानं आपणहूनच सांगून टाकलं! कुठे आहेस एवढंच विचारलं होतं. उघडा-बिघडा कोणी विचारलं होतं?" आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांनी माझ्याकडेच का पाहावं? आता जोडून बघ. उन्हाळ्यात आईला इंजेक्शनं द्यायला नर्सबाईच घरी येत होत्या. कुठली खोली, खाट कुठे, सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांची बहीण तुझ्या गावात दिलेली आहे. मला हे माहीत होतं, तरी वर्ग सुटल्यावर जिन्यात मी त्यांना मुद्दाम विचारलं, "तुमच्या बहिणीचं सासर कुठलं म्हणालात?"

त्यांनी तुझ्या गावाचं नाव घेतलं. जराही अडखळल्या नाहीत. "का हो?"

"सहज."

"सहज कोणी काही विचारत नाही," त्या म्हणाल्या. "आई कशा आहेत? किती दिवसांत वर्गाला आणलं नाहीत त्यांना."

मी म्हणालो, बऱ्या आहेत. नजर चुकवली नाही. मग त्या म्हणाल्या की एकदा येऊन बघून जाईन, आणि मी म्हणालो की आम्ही सध्या घरी नसतो. लगेच माझ्या लक्षात आलं की 'आम्ही' म्हणायला नको होतं. आम्ही घरी नसतो, मग आई कुठे असते, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं नाही याचीच मला जास्त काळजी वाटते आहे.

ज्याला माहीत असतं तो विचारत नाही, किंवा फक्त माहीत असतं तेच विचारतो. तू दोघांपैकी कोण आहेस?

धाकटा

२० ऑक्टोबर, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघावी आणि बघता बघता माझ्या तोंडून आणखी काही निघावं, असा बेत असेल, तर तो चालला आहे असं समज. मला गप्प बसता येत नाही.

आईला सोमवारी डॉक्टरकडे नेलं होतं. विसरते म्हणून. ती थोडं विसरते, हे मागच्या पत्रांत लिहायचं राहिलं. डॉक्टर तरुण आहे, खुर्ची पुढे ओढून तिच्याशी बोलत होता.

"आजी, आज वार कोणता?"

"तुमच्या मागे कॅलेंडर आहे की."

"तुम्ही सांगा ना."

"तुम्हाला तिथून दिसत नाही आणि मला दिसेल होय? डोळे कोणाचे तपासायचेत?"

आमची ही पदर तोंडाला लावून हसत होती. डॉक्टरही हसला. "बरं, हे सोबत आलेत ते कोण?"

"मुलगा माझा. तोंडावरून कळत नाही का? नाक बघा."

"किती मुलं तुम्हाला?"

"दोन. थोरला कामावर गेलाय. येईल एवढ्यात." आणि मग डॉक्टरच्या जवळ वाकून, जणू मी तिथे नाहीच, तिनं विचारलं, "हे मला सगळं का विचारताय? माझं काही चुकलं का?"

घरी येताना मी हिला म्हणालो की डॉक्टरला दोन मुलांचं बरं माहीत होतं. ती रस्त्यात थांबली. "अहो, त्यांनी विचारलं किती मुलं, सासूबाईंनी सांगितलं दोन. यात माहीत काय असायचंय? तुम्हाला झालंय काय?"

मला काय झालंय ते गुरुवारी आणखी झालं. गोष्ट दोन भावांची होती. एकानं दुसऱ्याला शेतात नेऊन मारलेलं असतं आणि देव त्याला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तो उलट म्हणतो, मी काय त्याचा राखणदार आहे? कारकूनकाका मांडीवर थाप मारून म्हणाले की हे उत्तर म्हणजेच कबुली, निरपराध माणूस असा खेकसत नाही. तो म्हणेल, का हो, घरी नाही का आला? मी तिथे बसून माझ्या पहिल्या पत्रातली वाक्यं आठवत होतो. 'तिच्या खोलीत झोपते, आणखी कुठे झोपणार?' असं मी तुला लिहिलं होतं. खेकसूनच लिहिलं होतं.

घरी आलो तो हिच्यावर घसरलो. ती कारखान्यातून आणलेले गणवेश घडी करत होती, बटणं लावायला घरी आणते.

"दादाला तू कळवलंस?"

"मोठ्या भावजींना? काय कळवायचं?"

"खोलीचं."

"खोलीचं काय?"

"कडीचं," मी म्हणालो.

तिनं हातातला सदरा खाली ठेवला. "मी नाही कळवलं," ती म्हणाली. "कळवायला हवं होतं, असं आता वाटतंय."

मग ती उठून आईच्या खोलीत गेली, आणि आज तीन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतं बोलते. दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं की राग आला म्हणजे काहीतरी आहे. पण हिचं तसं नाही. ही खोटं बोलत असली की जास्त बोलते.

वरचं सगळं आता मी पुन्हा वाचलं. कडी म्हणजे काय, ते विचारू नकोस. दाराला कडी असतेच.

धाकटा

२ नोव्हेंबर, शनिवार

दादा,

तुझं पाकीट आलं. या वेळी कार्ड नाही, बंद पाकीट. त्याबद्दल आभार मानावेत की नाही ते मला ठरवता येत नाही.

तू लिहितोस, मला काहीच माहीत नव्हतं. कोणीही काहीही सांगितलेलं नाही, नर्सबाईंची बहीण कोण हेही तुला ठाऊक नाही. तुझ्या दुकानात चांगला कापूस आला होता, तो तू पिंजून बाजूला ठेवलास. आईला एक गादी करून पाठवावी असं मनात आलं. खाटेवर झोपत असेल तर रुंदी कमी, जमिनीवर झोपत असेल तर भरण जास्त, आणि भिंतीला ओल असेल तर खालच्या बाजूचं कापड वेगळं लागतं. म्हातारी माणसं खाटेवरून पडायला लागली की घरचे त्यांना खाली झोपवतात, म्हणून 'हल्ली'. जास्त काही लिहायचा धीर झाला नाही, म्हणून एकच ओळ.

गादी!

तू गाद्यांचं दुकान टाकल्याचं आत्याच्या मुलानं मला केव्हाच सांगितलं होतं. मला ते माहीत होतं. कार्ड हातात आलं तेव्हा ते डोक्यात आलं नाही. तू बाबांच्या मातीला उभा होतास तसाच मला दिसलास, आणि तू सगळं जाणतोस असं मी धरून चाललो. आमच्या वर्गात देवाबद्दलसुद्धा इतक्या खात्रीनं कोणी बोलत नाही.

पहिल्यांदा मला हेही खरं वाटलं नाही. माणूस चाणाक्ष असला की गादीची गोष्ट रचायला त्याला किती वेळ लागतो? पण तू शेवटी लिहिलं आहेस, "तीन पत्रं आली, तिन्ही वाचली. आता खरंच विचारतो. कडी कुठल्या बाजूला आहे?"

आता मात्र तुला माहीत आहे. माहीत असून विचारतो आहेस. तुला माझ्या तोंडून ऐकायचं असेल, नाही तर मी शुद्धीवर आहे का बघायचं असेल.

बाहेरून आहे.

आता सगळं लिहितो. उन्हाळ्याच्या शेवटी आई एका सकाळी घरातून गेली. आम्ही दोघं कामावर होतो. दुपारी बसस्टँडवरून फोन आला. तिकिटं देणाऱ्या माणसानं तिला बाकावर बसवून पाणी दिलं होतं. त्यानं तिला विचारलं, आजी, कुठून आलात, कुठे जायचंय? घराचा पत्ता तिनं बरोबर सांगितला. कुठे जायचं ते तिला सांगता आलं नाही. ग्रंथात एक गोष्ट आहे. घरातून पळालेली एक दासी रानात झऱ्यापाशी बसलेली असते. देवाचा दूत तिला हेच दोन प्रश्न विचारतो, आणि तीही पहिल्याचंच उत्तर देते. गेल्या गुरुवारी हे नर्सबाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या की दुसऱ्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतंच, तरी विचारावं लागतं. मी वर्गातून लवकर उठलो.

बसस्टँडच्या आधी एकदा गॅस चालू राहिला होता. नंतर एकदा ती जिन्यात बसलेली सापडली. म्हणून तिला पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवलं. तिथून रस्ता दिसत नाही, म्हणजे जावंसं वाटणार नाही असं वाटलं. खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीवर उघडते. वारा येतो असं लिहिलं होतं ते खरं नाही. मग सुतार आणला. त्यानं विचारलं, "कडी बाहेरून? कोठीची खोली का?" मी हो म्हणालो.

आम्ही निघताना कडी लावतो. ही दुपारी येते तेव्हा काढते. आत पाणी असतं, खायला असतं, सगळं असतं. मी कडी हळू सरकवतो. तिला तेल घालून ठेवलं आहे, म्हणजे आवाज होत नाही आणि आईच्या लक्षात येत नाही. यात मी तिचं वाईट केलं असं मला वाटत नव्हतं. अजूनही नीट वाटत नाही. रस्त्यावर गाड्या आहेत. दुसरं काय करायचं ते तूच सांग. पण हे मी वर्गात कोणाला सांगितलं नाही, प्रार्थनेतही त्याच्यावरून पुढे जातो. म्हणजे मला काय ते माहीत होतंच.

गादीची मापं अजून घेतलेली नाहीत.

धाकटा

५ नोव्हेंबर, मंगळवार

दादा,

शनिवारचं पत्र पोचायच्या आत हे पोचणार नाही, तरी लिहितो.

आमच्या कामातली एक गोष्ट तुला सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये माझ्याकडे सहा खोल्या आहेत, सफरचंदांच्या क्रेटनी छतापर्यंत भरलेल्या. संध्याकाळी मी एकेक बंद करतो. बंद करण्याआधी दारात उभं राहून हाक मारायची असते, "आत कोण?" माणसं बाहेर आलेली मी डोळ्यांनी बघितलेली असतात. सगळे माझ्या बाजूला उभे राहून हात चोळत असतात. तरी हाक मारायची, थांबायचं, मगच दार ओढायचं. मी नवीन होतो तेव्हा मला हे खुळचट वाटायचं. जुन्या मुकादमाला मी म्हणालो की आत कोणी नाही हे आपल्याला माहीत आहे, मग विचारायचं कोणाला? तो म्हणाला, "तुला माहीत आहे ते तुझ्यापाशी ठेव. थंडीनं माणूस सुन्न होतो, क्रेटच्या मागे बसून राहतो. त्याला वाटतं आपण बाहेरच आहोत. हाक त्याच्यासाठी आहे." आता इतकी वर्षं झाली, ती हाक माझ्या तोंडात बसली आहे. जड दाराला हात लागला की आपोआप निघते.

आज सकाळी ही लवकर गेली. मी आईला चहा दिला, बिस्किटं झाकून ठेवली, बाहेर आलो आणि दार ओढलं. कडीवर हात ठेवला. रात्रभर तुझ्या पत्रामुळे झोप नव्हती, डोकं जड होतं. आणि कामावरच्या आवाजात, मोठ्यानं, माझ्या तोंडून गेलं, "आत कोण?"

माझा मीच दचकलो. आत काही हललं नाही. मग खाट वाजली आणि आईचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"मी आहे रे. लावू नको."

हात कडीवरच होता. मग दार उघडलं. ती दाराला चिकटून उभी होती, लुगड्याचा पदर नीट घेतलेला, जणू कुठे निघालीच आहे.

"तुला कळायचं?" मी विचारलं. "मी कडी लावतो ते?"

"कळायला काय? रोज लावतोस."

"मग कधी बोलली का नाहीस?"

ती विचारात पडली. मला वाटलं, प्रश्नच विसरली. मग म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल, म्हटलं. तू उगीच कशाला लावशील?"

दादा, एवढे दिवस मी झाडामागे कोण आहे ते शोधत होतो. तुला, नर्सबाईंना, घरातल्या बायकोला, डॉक्टरलासुद्धा. आणि लपून बसली होती ती आई. खोलीत, गुपचूप, काही न करता गुन्हेगार होऊन. तिला कोणी हाक मारली नव्हती. मी तेल घातलं होतं.

मी कामावर गेलो नाही. फोन करून सांगितलं. आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसलो. तिनं मला दोनदा विचारलं की आज शाळा नाही का, आणि दोनदा मी सांगितलं की सुटी आहे. दुपारी ही आली, दोघांना पुढे बसलेलं बघितलं. पेचकस आणून माझ्यासमोर ठेवला. कडी काढायला फार वेळ लागला नाही. लाकडात भोकं राहिली आहेत.

पण कडी काढल्यानं काही सुटत नाही, हे मला कळतं. रस्ता आहे तिथेच आहे. ही आठवडाभर रजा घेते म्हणते. संध्याकाळी मी नर्सबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं, सुताराला काय सांगितलं तेही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "दिवसा किती वाजता कोणी नसतं?" त्या वेळेला त्या चक्कर टाकतील, रोज नाही, जमेल तेव्हा. वर्गात मी हाकेचं काही सांगणार नाही. कारकूनकाका म्हणतील, देवाला कुठे कुलूप लावून घरी जायचं असतं? आणि ते बरोबरच आहे. देव का विचारतो ते मला अजून कळलेलं नाही. मी का विचारत नव्हतो, तेवढं कळलं.

आता तुझं. गादीची मापं मी पाठवणार नाही. तू ये आणि घे. बाबांच्या वेळी मी चारचौघांत तुला 'लगेच' म्हणालो, ते लगेच नव्हतं. ते तुला माहीत होतं आणि आता माझ्याकडूनही ऐक. त्यावर काय बोलायचं ते इथे येऊन बोल, मी ऐकून घेईन. पण आईसमोर नको.

आणखी एक. तू दारात आलास की ती पुढे येईल. सध्या कोणीही आलं तरी तीच आधी पुढे येते. तुझ्याकडे बघेल आणि विचारेल, कोण तुम्ही? ती तुझी परीक्षा घेत नसेल. तुला शिक्षाही देत नसेल. तिला खरंच माहीत नसेल. तेव्हा गप्प उभा राहू नकोस आणि माझ्याकडे बघू नकोस. नाव सांग. तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा सांग.

धाकटा